धावणारीचं वाण

“थुंक! आधी थुंक! गिळू नकोस, थुंक!”

बाबा दारातूनच ओरडत होते. डोक्यावर कारखान्याचं पिवळं हेल्मेट तसंच, पॅन्टला लावलेली सायकलची क्लिप तशीच, आणि चेहरा असा, की जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनचा अख्खा रासायनिक कारखाना पाइपांसकट त्यांच्या मागे लागला असावा. कारखाना घरापासून चांगला लांब होता. पण त्या शुक्रवारी दुपारी बाबा इतक्या वेगानं आले, की ते स्वयंपाकघरात पोचले तेव्हा त्यांच्या सायकलची घंटा अजून कोपऱ्यावरच वाजत होती. टेबलाशी हेझल बसली होती. हेझल म्हणजे आमच्या माळ्यावरच्या खोलीत भाड्यानं राहणारी इंग्रज मुलगी. पेशानं धावणारी, शंभर मीटरवाली. तिच्या गालात अनारसा होता. आई झारा हातात धरून उभी होती, आणि पंधरा वर्षांची मी ताटलीतल्या पुढच्या अनारशावर डोळा ठेवून बसले होते.

“अहो, तिला मराठी कुठं कळतंय? इंग्रजीत ओरडा!” आई म्हणाली.

“स्पिट!” बाबा ओरडले. “स्पिट इट! ओपियम!”

त्या दचक्यानं हेझलनं तो घास गिळला.

बाबांचं म्हणणं कळायला आम्हाला थोडा वेळ लागला, कारण ते धापा टाकत बोलत होते आणि मधूनच हेल्मेटचा पट्टा चावत होते. कँटीनमध्ये पुण्याहून नवा आलेला एक इंजिनिअर गोष्ट सांगत होता. त्याच्या मावसभावाला दुबईच्या विमानतळावर खसखशीच्या पुडीपायी कोठडीत बसवलं होतं. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. बाबा स्वतः रसायनशास्त्रातले, त्यांना हे माहीत होतंच. पण घरात अनारशावर ती दिसली की तिची खसखस व्हायची आणि कारखान्यात आठवली की अफू. त्या दुपारी ही दोन्ही टोकं त्यांच्या डोक्यात पहिल्यांदा जुळली. आणि माळ्यावरच्या मुलीची लघवी दुसऱ्या दिवशी तपासली जाण्याची दाट शक्यता आहे, हेही त्याच घासाला त्यांना आठवलं. पुढचा घास त्यांनी घेतला नाही.

मी वाढवून सांगते असं माझ्या घरचे म्हणतात. खरं म्हणजे ते कमी सांगतात. म्हणून हेझल कोण होती ते आधी नीट सांगते. ती इंग्लंडमधल्या हल नावाच्या बंदराच्या गावची. बाबांना हे नाव फार आवडलं होतं. “हल म्हटलं की हलते, अशी मुलगी,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तिचे वडील मासळीच्या शेडमध्ये पेट्या उचलायचे. लहानपणी ती बसच्या मागे धावत शाळेत जायची, असं ती सांगे. मी सांगते की बस तिच्या मागे धावायची. शाळकरी वयात तिनं पदकं मिळवली, मग ब्रिटनच्या रिले संघाचा बनियन अंगावर आला, हलच्या वर्तमानपत्रात फोटो आला. आणि मग मांडीमागचा स्नायू फाटला. बरा होतोय म्हणेपर्यंत पुन्हा फाटला. संघाकडून मिळणारे पैसे थांबले, फोन थांबले, आणि एका म्हाताऱ्या जर्मन ट्रेनरचं नाव ऐकून ती एका बॅगेसकट आमच्या गावात आली. तो ट्रेनर ज्या क्लबात होता, त्याच क्लबात मीही धावायचे. म्हणजे धावायचे असं आम्ही घरी म्हणायचो. ट्रेनर माझ्याकडे बघून काहीच म्हणायचा नाही, आणि हेझलकडे बघून फक्त “गेनाऊ” म्हणायचा, म्हणजे ‘बरोबर’. तो एक शब्द मिळवायला ती दिवसभर मरायची.

तिच्यामुळे घराला आवाज आला. आम्ही तिघं मुळात शांत माणसं. बाबा पेपर वाचायचे, आई पुटपुटायची, मी जर्मनमध्ये उत्तरं देऊन शिव्या खायचे. हेझल माळ्यावर दोरीवरच्या उड्या मारायला लागली, की खाली टेबलावरचा दिवा झोके घ्यायचा आणि वाटीतल्या वरणावर लाटा उठायच्या. एकदा तर लाट काठाबाहेर आली आणि बाबांच्या पेपरातली अर्धी बातमी पुसून गेली. सराव करून आली की ती आमच्या न्हाणीघरातला टब बर्फानं भरून त्यात बसायची. आई दाराबाहेरून ओरडायची, “अगं, बाळंतपणात सांधे धरतील तुझे!” आणि आतून दात वाजत असताना उत्तर यायचं, “ओके, काकू!” पोहे ती काट्यानं खायची, एकेक दाणा टोचून. वरणभातावर मात्र आडवा हात मारायची. तूप वाढताना आईला हात धरून थांबवायची आणि मग स्वतःच थोडं आणखी घ्यायची.

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, वर दिवा लावून. आईला जावई नव्हता. होती ती एक पंधरा वर्षांची मुलगी, आणि तिला जावई आणण्याची घाई निदान त्या महिन्यात तरी कुणाला नव्हती. पण वाण द्यायचंच, हे आईनं ठरवलं होतं. तांदूळ भिजले, रोज पाणी बदललं गेलं, तळघरात सगळ्या इमारतीच्या वाळत घातलेल्या चादरींखाली फडक्यावर ते पसरले गेले. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई ‘हे काय वाळत घातलंय’ म्हणून दोनदा विचारून गेल्या. गूळ घालून पीठ डब्यात मुरलं. खसखशीवर मात्र घोडं अडलं. इथल्या दुकानात मिळते ती निळीकाळी. “काळी खसखस शुभकार्याला नको,” म्हणून आईनं सुटकेसच्या तळाशी साड्यांत गुंडाळून आणलेली आपली पांढरी काढली. अनारसे असे जमले, की एकही तुपात हसला नाही. हसला म्हणजे फुटून पसरला. हे मी माझ्या नातवंडांना दर दिवाळीला सांगते आणि ती दर दिवाळीला विचारतात, मग हसणं वाईट कसं?

“वाण कुणाला देणार?” बाबांनी विचारलं होतं.

“ही पोर परक्या मुलखात पोटासाठी आलीय. हिला देते. देवाला चालेल.”

“म्हणजे यंदा जावईबापू शंभर मीटरवाले,” बाबा म्हणाले होते, आणि तेव्हापासून आठवडाभर ते हेझलला जावईबापू म्हणत होते. तिला वाटायचं, हा काहीतरी खेळाडूंचा सन्मान आहे. ती मान झुकवून “थँक यू” म्हणायची. आठवडाभर ती वाण खातही होती, सकाळी दोन, सरावानंतर दोन, मधेच जिन्यावर एक. ट्रेनरच्या खाण्यापिण्याच्या नियमांत अनारसा हा शब्दच नव्हता, त्यामुळे तो मोडत नव्हता.

आणि शनिवारी शर्यत होती. नदीपलीकडच्या मैदानावर. ब्रिटनच्या रिले संघात एकच जागा उरली होती आणि निवड करणारी बाई ती शर्यत बघायला स्वतः येणार होती. पहिल्या दोघींत आलीस तर तुझा विचार करू, असं तिनं हेझलला फोनवर सांगितलं होतं. तो फोन हेझलनं आमच्या जिन्यात उभं राहून घेतला होता आणि ठेवल्यावर ती पायरीवर बसून राहिली होती. हे सगळं घरात सगळ्यांना माहीत होतं. बाबांना आणखी एक गोष्ट माहीत होती, कारण त्यांनी तिला एकदा कुतूहलानं विचारलं होतं. शर्यत संपली की पहिल्या दोघींची तपासणी होते, आणि चिठ्ठी टाकून आणखी एकीची.

“म्हणजे ही जिंकली तर पकडली जाणार,” बाबा म्हणाले. हेल्मेट आता मांडीवर होतं. “आणि हरली तर संपली.”

आईच्या हातातला झारा ओट्यावर पडला. हेझलला आम्ही जमेल तसं समजावलं. मी जर्मन-इंग्रजी मिसळून, बाबा रसायनाच्या भाषेत, आई हातवाऱ्यांनी. हेझलचा चेहरा आधीच गोरा, तो आता टाइल्सच्या रंगाचा झाला. ती उठली, नळाखाली पेला धरला, प्यायली, पुन्हा धरला. ती संध्याकाळ मला आठवते ती पाण्याच्या आवाजानं. वर टॉयलेटची साखळी, खाली नळ, परत साखळी. ऱ्हाईन नदी त्या संध्याकाळी हातभर उतरली होती, हे मी शपथेवर सांगते. आईनं ताक केलं, धण्याचं पाणी केलं, सब्जा भिजवला. बाबांनी खिडक्यांच्या पट्ट्या भरदिवसा खाली ओढल्या आणि उरलेली खसखस टॉयलेटमध्ये ओतली. पुडी फाटली, निम्मी खसखस गालिच्यावर सांडली. बाबा गुडघ्यांवर बसून व्हॅक्यूम फिरवत होते आणि मला विचारत होते, “कुत्र्यांना वास येतो का गं व्हॅक्यूमच्या पिशवीतून? पोलिसांच्या?”

मला हसू आलं नाही. आज लिहिताना येतंय. बाबा घाबरलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. कारखान्यात कधी भोंगा वाजला तरी ते शांतपणे खिडक्या लावायचे आणि परत पेपर उघडायचे. आता ते ‘आउसलेंडरबेहोर्डे’ हा शब्द एकसारखा म्हणत होते. परदेशी लोकांचे परवाने देणारी ती कचेरी. तिच्या नुसत्या नावानं आमच्याकडच्या मोठमोठ्या पीएचडीवाल्यांचं पोट बिघडायचं.

“अहो, मला धरतील का हो?” आईनं विचारलं.

“आधी मला. घर माझ्या नावावर आहे.”

“पण अनारसे माझ्या हातचे.”

“त्यांना कुठं कळणार आहे?”

“कळेल! असे जाळीदार दुसऱ्या कुणाला जमतात इथं?” आई म्हणाली आणि रडायला लागली.

बाबांनी मग हेझलला इंग्रजीत, अगदी हळू, सांगून पाहिलं. “तू उद्या आजारी पड. पोट दुखतंय म्हण.” हेझल म्हणाली, मग सोमवारी मी हलला, मासळीच्या पेट्यांशी. ट्रेनरला विचारू का, म्हणाले, तर ती पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाली, नाही. त्याला कळलं तर तो मला उतरवणारच नाही. मी धावणार आहे. एवढं बोलून ती पुन्हा जिना चढून टॉयलेटकडे गेली. आई देव्हाऱ्यापुढे बसली. तिनं इतक्या वाती लावल्या की छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायला लागला, आणि आम्ही तिघंही एकदम उभे राहिलो. आम्हाला वाटलं, आलेच.

शनिवारी ऊन असं होतं की धावपट्टीचं रबर बुटांना चिकटत होतं. आम्ही प्रेक्षकांत अगदी वर बसलो होतो, पळून जायला सोपं पडावं म्हणून बाबांनी जिन्याशेजारच्या जागा धरल्या होत्या. पांढऱ्या टोपीतली निवड करणारी बाई शेवटच्या रेषेशी बसली होती, मांडीवर घड्याळ घेऊन. आईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. ती काय मागत होती ते मला दिसत होतं, आणि तिलाही कळत नव्हतं नक्की काय मागायचं. हेझल जिंकू दे म्हणायची तिला हिंमत नव्हती आणि हरू दे म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. “देवा, तू बघ,” एवढंच ती म्हणत होती.

पुकारणाऱ्यानं “फेर्टिश” म्हटलं, म्हणजे तयार. आठ पाठी वर उचलल्या गेल्या. बंदूक वाजली.

हेझल अशी सुटली की तिची सावली खुणेवरच राहिली. अर्धी पट्टी संपेपर्यंत ती पुढे होती, सगळ्यांच्या पुढे, आणि मी उभी राहून किंचाळत होते, अफू, कचेरी सगळं विसरून. मग तिचे खांदे कानांकडे चढायला लागले. मान ताठ झाली. बाजूच्या पट्टीतली आली, तिच्या पलीकडची आली, मग आणखी दोघी. हेझल पाचवी आली.

बाबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच, कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून आजूबाजूला पाहिलं. आई पदरातून म्हणाली, “सोडली तिनं. आपल्यापायी सोडली. पाय मागे घेतला पोरीनं.” मीही तेच पाहिलं होतं. त्या क्षणी आम्हा तिघांना खात्री होती. खाली पांढऱ्या टोपीतली बाई घड्याळ पिशवीत टाकून दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागली होती.

आणि तेवढ्यात नारिंगी जाकिटातली एक पोरगी हातात कागद लावलेली फळी घेऊन गवतावरून हेझलकडे चालत गेली. तिसऱ्या तपासणीची चिठ्ठी पाचव्या नंबराची निघाली होती.

आई बसल्या जागेवरून नाहीशीच झाली. मी तिला दोन-दोन पायऱ्या उतरताना पाहिलं, साडी गुडघ्यापर्यंत धरून. ट्रेनरनं त्या दिवशी आईला पाहिलं असतं तर तिला ‘गेनाऊ’ म्हणाला असता. मी पोचेपर्यंत ती तपासणीच्या तंबूशी होती. दाराशी खुर्ची टाकून जाडजूड चष्म्यातली एक अधिकारी बाई केक खात बसली होती. आईनं तिच्यापुढे हात जोडले आणि आयुष्यात शिकलेलं सगळं जर्मन एका दमात ओतलं. मुलगी चांगली आहे. दोष माझा आहे. मला न्या. “झी हाट मोंड गेगेसन!”

खसखशीला जर्मनमध्ये ‘मोन’ म्हणतात. आईच्या तोंडून निघालं ‘मोंड’. म्हणजे चंद्र. तिनं चंद्र खाल्लाय.

अधिकारी बाईनं चमचा खाली ठेवला. “अख्खा?” तिनं विचारलं.

“नाही, मोन,” मी मधे पडले. “मोन. गोड पदार्थावर लावतात आमच्याकडे. आठवडाभर खाल्लाय तिनं.” मी तंबूची दोरी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. बाईनं आधी माझ्याकडे, मग आईच्या जोडलेल्या हातांकडे, मग स्वतःच्या बशीकडे पाहिलं. बशीत केकचा चौकोनी तुकडा होता, आणि त्याच्या पोटात बोटभर जाडीचा, निळाकाळा, खसखशीचा थर.

“आल्झो,” ती म्हणाली, म्हणजे ‘बरं तर’. बोट चाटलं, आत गेली, आणि मला कडेनं दिसलं त्याप्रमाणे हेझलच्या कागदावर एक ओळ लिहून बाहेर आली. मग म्हणाली, सांगितलंत ते बरं केलंत, आता प्रयोगशाळा काय म्हणते ते बघायचं. आणि उरलेला केक संपवला.

‘बघायचं’ हा शब्द बाबांनी घरी नेला आणि तो आमच्यात पाहुण्यासारखा राहिला. निकाल येईपर्यंतचे दिवस आम्ही पत्रपेटीच्या झाकणाच्या आवाजावर काढले. झाकण वाजलं की आई गॅस बंद करायची. मोहरी खसखशीच्या दाण्यासारखी दिसते म्हणून तिनं फोडणीतून मोहरीसुद्धा काढून टाकली. बाबा कामावरून येताना सायकल हळू चालवायला लागले, घरापुढे गाडी उभी असली तर दिसावी म्हणून. हेझल माळ्यावर शांत होती. दोरी वाजत नव्हती, वरण हलत नव्हतं. रिलेतली जागा दुसऱ्या मुलीला मिळाल्याचं तिला आठवडाभरातच कळलं होतं, आणि ते तिनं आम्हाला भांडी पुसता पुसता सांगितलं होतं, बशी न थांबवता.

मग एका सकाळी ती जिना उतरून आली आणि म्हणाली, फोन आला होता. तपासणीत काही निघालं नाही.

बाबा खुर्चीत बसले आणि खुर्ची मागे सरकत सरकत भिंतीला टेकली. आईनं देवापुढे साखर ठेवली, मग मोहरीचा डबा काढून दोन्ही हातांनी फोडणीत इतकी मोहरी टाकली की खालच्या बाईंनी खिडक्या लावल्या. पण त्या दिवशी जेवताना ती मला हळूच म्हणाली, “म्हणजे उगाचच सोडली गं पोरीनं.” नंतर अनेक वर्षं बाबा प्रत्येक गणपतीला, प्रत्येक मंडळात ही गोष्ट सांगत राहिले. आमच्या अनारशांनी इंग्लंडचं पदक घालवलं, मुलीनं आमची अब्रू राखायला शर्यत सोडली. मीही सांगायचे. माझ्या सांगण्यात शर्यतीत एक राजकन्या बघायला आलेली असायची. लोक हळहळायचे, आणि आईकडे नव्या आदरानं बघायचे. आई मात्र तेव्हा ताट घेऊन आत निघून जायची.

कारण हेझलच्या शेवटच्या दिवशी आम्ही माळ्यावर गेलो होतो, आई आणि मी. ती बॅग भरत होती. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, नीट भाषांतर कर हं, एक शब्द इकडेतिकडे नको.

“अगं, खरं सांग मला. आमच्या भीतीनं तू पाय आखडता घेतलास ना त्या दिवशी? तपासणी होऊ नये म्हणून मागे राहिलीस ना?”

मी भाषांतर केलं. हेझलनं बॅगेची चेन शेवटपर्यंत ओढली.

“नाही, काकू,” ती म्हणाली. “मी पूर्ण जोर लावला होता.”